हे काम एकट्या सरकारचं कधीच नव्हतं

पेण आणि रोहा तालुक्यांत सध्या एक युक्तिवाद फार ठामपणे केला जातो. करणारी माणसं शिकलेली असतात, गावाची काळजी असणारी असतात, म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं. युक्तिवाद असा: पावसाळ्यात मुंबई-पुण्याहून गाड्या भरून स्वयंसेवक येतात, डोंगरावर रोपं लावतात, फोटो काढतात आणि जातात. पुढच्या मार्चात डोंगर पेटतो, रोपं जळतात. जुलैत त्याच खड्ड्यांत नवी रोपं. तेव्हा ही स्वयंसेवेची हौस आता पुरे झाली. रान राखायला वनखातं आहे, खारबंदिस्ती राखायला खारभूमी खातं आहे, त्यांचे पगार आपल्या करातून होतात. त्यांनी कामं करावीत. त्यांना जमत नसेल तर निसर्गाला त्याच्या वाटेनं जाऊ द्यावं, तो आपला आपण सावरतो.

यातलं जळलेल्या रोपांचं निरीक्षण खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यावरून काढलेले दोन्ही निष्कर्ष, म्हणजे हे काम सरकारचं आहे हा एक आणि निसर्गाला सोडून द्यावं हा दुसरा, चुकीचे आहेत. ते इतर कुठल्या तालुक्यात काढले असते तर एक वेळ समजून घेता आलं असतं. पेणमध्ये राहून असं म्हणायचं, तर आपल्याच पायाखालच्या जमिनीचा इतिहास विसरावा लागतो.

आधी खारेपाट पाहू. अंबा, भोगावती आणि पाताळगंगा खाडीला मिळतात त्या सखल पट्ट्यात वाशी, वढाव, दादर, रावे, शिर्की, भाल ही गावं आहेत. इथली भातखाचरं उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. म्हणजे मध्ये बांध नसेल तर महिन्यातून दोनदा, अमावास्येला आणि पौर्णिमेला, शेतात समुद्र येईल. ही जमीन माणसानं खाडीकडून मागून घेतली आहे आणि शेकडो वर्षं हातानं धरून ठेवली आहे. बाहेरच्या अंगाला बांध, बांधात ठरावीक ठिकाणी उघाड्या. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं उघाडीची झडप मिटते, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. या साध्या योजनेवर इथला भात पिकला. मिठाला दाद न देणारे काळा राता, भुरा राता यांसारखे वाण याच जमिनींत शेतकऱ्यांनी जपले. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानं पुढे खाऱ्या जमिनीसाठी सुधारित वाण काढले, तेव्हा त्यांच्यासमोर हीच ठेव होती.

हा बांध कसा जगतो आणि कसा मरतो, ते जवळ जाऊन पाहावं. तो दगडाचा नसतो, खाडीतल्याच चिकट गाळाचा असतो. त्याचा पहिला शत्रू खेकडा. खेकड्याचं बीळ बांधाच्या आरपार गेलं की तिथून बोटभर झिरप सुरू होते. त्याच दिवशी कुणी पाहिलं आणि चिखल ठासून पायानं दाबला, तर ते दहा मिनिटांचं काम आहे. पाहिलं नाही तर पुढच्या उधाणात तेच बीळ हात जाईल एवढं होतं, त्याच्या पुढच्या उधाणात माणूस उतरेल एवढं, आणि मग एका रात्री खांड पडते. पाणी आत येतं ते गाळ घेऊन येतं, जाताना बांधाची माती घेऊन जातं. खांड रुंदावत राहते. खारं पाणी शिरलेल्या खाचरात पुढची दोन-तीन वर्षं धड पीक येत नाही, आणि तेवढ्या वेळात खांड बुजवली नाही तर तिथे तिवरं उभी राहतात.

आता विचारावं, की हे दहा मिनिटांचं काम कुठलं खातं करणार? निविदा, अंदाजपत्रक, मंजुरी या वाटेनं जाणाऱ्या यंत्रणेला मोडलेला बांध दिसतो, खेकड्याचं बीळ दिसत नाही. ते रोज बांधावरून चालणाऱ्यालाच दिसतं. आपल्या वाडवडिलांना हे पुरतं ठाऊक होतं, म्हणून खारेपाटात जोळ होती. उधाणाआधी घरटी माणूस बांधावर जायचा, हातोहात चिखल चढवला जायचा, कुणाची पाळी कधी ते गाव ठरवायचं. जुन्या शिलोत्री पद्धतीत काही बांध मालक राखत आणि त्यासाठी कुळांकडून जादा धान्य घेत. काही बांध कुळंच मिळून राखत. त्या व्यवस्थेत अन्याय होता, पिळवणूक होती. याच खारेपाटाच्या अलिबागकडच्या अंगाला चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप करून खोतीशी झुंज दिली, ती उगाच नव्हे. मला ते दिवस परत नको आहेत. पण बांधावर कुणीतरी रोज चालत होतं, ही गोष्ट त्या दिवसांत होती आणि आज नाही.

ती का गेली, तेही लपून राहिलेलं नाही. १९४८ साली मुंबई प्रांतानं खारजमिनींचा कायदा केला आणि बांधांची जबाबदारी सरकारकडे येऊ लागली. त्याच वर्षी कुळकायदाही झाला. जमीन कसणाऱ्याची झाली, हे न्यायाचंच झालं. मात्र बांधातला जुन्या मालकाचा रस संपला आणि कसणाऱ्यालाही सांगण्यात आलं की बांध आता सरकारचा. पुढे १९७९ साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला. कायद्यांचा हेतू चांगला होता. पक्क्या उघाड्या, उंच आणि रुंद बांध, जे एकेका गावाच्या आवाक्याबाहेर होतं, ते सरकारच्या पैशानं व्हावं. तेवढं झालंही. पण पैशाबरोबर जबाबदारीही उचलून नेली गेली आणि जोळ मोडली. नव्या पिढीला तो शब्दच माहीत नाही. गोव्याच्या खाजणांतही जवळपास हेच घडलं. तिथे गावकऱ्या आणि शेतकऱ्यांच्या संघटना बांध आणि मानशी, म्हणजे तिथल्या उघाड्या, राखत आल्या, आणि १९६४ च्या कूळकायद्यानंतर जबाबदारी नेमकी कुणाची हे धूसर होत गेलं, तसतसे बांध ढासळत गेले.

म्हणून ‘हे सरकारचं काम आहे, त्यांनीच करावं’ हे वाक्य पेणमध्ये तरी पुन्हा आजमावून पाहण्यासारखं राहिलेलं नाही. पाऊणशे वर्षं आपण ते आजमावलं आहे.

आता दुसरा निष्कर्ष: निसर्गाला सोडून द्या, तो सावरतो. ज्यांच्या शेतात तिवरं आली, त्यांना हे वाक्य ऐकवून पाहावं. तिवरं वाईट नाहीत. बांधाबाहेरची तिवरं लाटांचा मार आधी आपल्या अंगावर घेतात, मासळीची पिल्लं तिथे वाढतात. राज्यातलं सर्वाधिक कांदळवन रायगड जिल्ह्यात आहे आणि ते राखलंच पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ सालचा अंतरिम आदेश आणि सप्टेंबर २०१८ चा निकाल यांतून कांदळवनाला जे संरक्षण दिलं, ते या किनाऱ्यावर हवंच होतं. पण बांधाच्या आतली तिवरं ही निसर्गानं सावरल्याची खूण नव्हे. कुणी बांध पाहिला नाही, याची ती खूण आहे. तिथे सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, झाडं कायद्याच्या संरक्षणात, आणि पीक कुणाचंच नाही. एकदा तिवरं उभी राहिली की ती तोडू नयेत, असंच मी म्हणेन. त्या शेतकऱ्याला मोबदला मिळावा किंवा त्या कांदळवनातून उपजीविका मिळावी, यासाठी भांडावं. मात्र जिथे खांड अजून पडलेली नाही, तिथला बांध राखणं हे आजचं काम आहे, आणि ‘सोडून द्या’ असा सल्ला म्हणजे पुढच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर पाणी सोडणं आहे.

पेणच्या खारेपाटानं आणि हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या गावांनी ही जमीन एकदा जिद्दीनं वाचवली आहे. महामुंबई सेझ या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी भूसंपादन होऊ घातलं तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी तालुक्यातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला, आणि कौल बहुसंख्येनं विरोधाचा होता. सेझपासून राखलेली जमीन खेकड्याच्या बिळातून जाऊ द्यायची, हे त्या लढ्याला शोभणारं नाही.

आता डोंगराकडे वळू, कारण टीकेचा खरा रोख तिथे आहे. पावसाळ्यात लावलेली रोपं मार्चात जळतात, हे खरं. पण यातून चूक कुठे आहे ते नीट पाहावं. रोह्याहून कोलाडकडे किंवा सुकेळी खिंडीच्या बाजूला जानेवारीत जाऊन एखाद्या ‘उघड्या’ डोंगराच्या उतारावर बसून पाहावं. गवत बाजूला सारलं की बुंध्याशी ऐनाचे, किंजळीचे, सागाचे खुंट दिसतात. खुंटाच्या कडेनं चार-सहा कोंब आलेले असतात, कमरेएवढे, काही खांद्याएवढे. साल पाहिली तर खालच्या बाजूनं काळी असते. मागच्या वर्षीचे कोंब वणव्यात गेले, या वर्षी पुन्हा फुटले, या वर्षीही जातील. मुळं जिवंत आहेत, जमिनीखालचं रान मेलेलं नाही. त्याला नव्या रोपाची गरज कमी आणि तीन-चार उन्हाळे आगीशिवाय मिळण्याची गरज जास्त आहे. तेवढे मिळाले की कोंब आगीच्या झळीवर जातो, सावली पडते, गवत विरळ होतं आणि वणव्याला खाद्यच उरत नाही.

याचा अर्थ स्वयंसेवक निरुपयोगी आहेत असा होत नाही. त्यांना महिना चुकीचा सांगितला गेला, एवढाच होतो. जुलैत कुदळ घेऊन येणारे हात डिसेंबर-जानेवारीत विळा घेऊन यायला हवेत. जाळरेषा काढायच्या: वस्तीच्या आणि रस्त्याच्या बाजूनं दहा-बारा हात रुंदीचा पट्टा गवत कापून, पालापाचोळा ओढून मोकळा करायचा. मग फेब्रुवारी ते मे राखण. एका वनरक्षकाच्या वाट्याला केवढं रान येतं, हे या तालुक्यांतल्या कुणालाही विचारावं. दुपारी तीनला धूर दिसला तर तो एकटा काय करील? गावातली पंधरा पोरं, ओल्या फांद्या, पाण्याचे कॅन, आणि कुठल्या बाजूनं वारा आहे हे सांगणारा एखादा जाणता म्हातारा, एवढ्यानं सुरुवातीचा वणवा विझतो. तो पसरल्यावर मात्र कुणीही हौसेनं आत शिरू नये. तिथे वनखात्याच्या माणसांच्या हुकमातच काम करावं.

रोपं लावूच नयेत, असंही नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं या जिल्ह्यातल्या बागा, परसातली आंब्या-फणसाची जुनी झाडं आडवी केली. तिथे लावायलाच हवं, आणि लावताना या मातीतलं लावायला हवं. वाढायला सोपं म्हणून गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावून डोंगर हिरवा दिसतो, पण त्या रानात ना पाखराला फळ मिळतं, ना कातकऱ्याला औषध.

टीकाकार इथे राज्याच्या वृक्षलागवडीच्या मोहिमेचा दाखला देतात. २०१६ साली १ जुलैला दोन कोटी, पुढे चार कोटी, तेरा कोटी, आणि २०१९ ला तेहेतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट. त्यातली किती जगली, यावरून विधिमंडळात वाद झाले. हा दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. ती स्वयंसेवा नव्हती, ते खात्यांना वाटून दिलेलं उद्दिष्ट होतं. आकडा वरून आला आणि खाली पोचेपर्यंत खड्डा मोजण्यात शक्ती गेली. शाळेतली मुलं, बँकांचे कर्मचारी त्यात राबले, पण कुठे, काय, किती लावायचं आणि नंतर कोण राखणार, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. अशा मोहिमेचं अपयश स्वयंसेवकाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्यापुढे थांबावंच लागतं. तो आदिवासी संघटनांच्या कार्यकर्त्यांकडून येतो. ते म्हणतात: डोंगरावरचं काम शहरातली माणसं फुकट करणार असतील, तर आमच्या कातकऱ्याला रोजगार हमीचं काम कोण देणार? दिवाळी झाली की त्याचं बिऱ्हाड वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातं. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. जाळरेषा काढायचा हंगाम नेमका तोच. गावातच मजुरी मिळाली असती तर तो गेला नसता.

हे शंभर टक्के खरं आहे. ज्या राज्यानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली, तिथे रान राखण्याचं काम मजुरीविना व्हावं, हे लाजिरवाणं आहे. म्हणून स्वयंसेवकांची पहिली शिस्त अशी असली पाहिजे, की ज्या कामाला मजुरी मिळू शकते ते काम फुकट करायचं नाही. जाळरेषेचं काम रोजगार हमीत बसत असेल तर ते मागणीअर्ज भरून मागायचं, मस्टर निघेपर्यंत तहसीलच्या पायऱ्या चढायच्या, मजुरी वेळेवर आली का ते पाहायचं. शिकलेल्या माणसाचा वेळ इथे कुदळीपेक्षा जास्त कामाचा आहे. स्वतःच्या हातांनी करायची कामं मग उरतात ती राखणीची, बिया गोळा करण्याची, रोपवाटिका सांभाळण्याची, कुठल्या उतारावर किती कोंब वाचले याची दरवर्षी नोंद ठेवण्याची. त्यांना मजुरीचं कलम सहसा नसतं आणि त्यांच्याशिवाय बाकी सगळं वाया जातं.

याच आक्षेपाचा दुसरा भाग हक्काचा आहे. वणवे आदिवासी लावतात, त्यांना रानाबाहेर ठेवा, असं काही निसर्गप्रेमी म्हणतात. वणवा कधी शिकारीसाठी लागतो, कधी गवत चांगलं येईल या समजुतीनं, कधी रस्त्यानं जाणाऱ्याच्या विडीनं. एका समाजावर बोट ठेवणं खोटं आणि घातक आहे. रायगडच्या रानातल्या दळी जमिनी ठाकूर-कातकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या कसल्या आहेत, आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानं तर सामूहिक वन राखण्याचा, पुन्हा उभं करण्याचा अधिकारच ग्रामसभेला दिला आहे. म्हणून डोंगरावर जायचं तर आधी वाडीवर जावं. कुठला उतार राखायचा, कुठे गुरं चरतील, कुठे नाचणी-वरी होईल, हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या माणसांचा आहे. बाहेरून आलेल्यानं फक्त हात द्यायचा, ठराव त्यांचा.

स्वयंसेवा ही शहरातून आलेली फॅशन आहे, असं म्हणणाऱ्यांना या दोन तालुक्यांनीच उत्तर दिलेलं आहे. विनोबांचा जन्म १८९५ साली पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. जमीन मागत देशभर पायी फिरणाऱ्या माणसाची ही माती. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यात जन्मले. त्यांच्या स्वाध्याय परिवारानं १९७९ पासून वृक्षमंदिरं उभी केली. तिथली रीत लक्षात घेण्याजोगी आहे: आसपासच्या गावांतले स्वाध्यायी पाळीपाळीनं येतात, पुजारी म्हणून राहतात, झाडांना पाणी घालतात, परत जातात, आणि दुसऱ्या गावाची पाळी सुरू होते. झाड लावणारा एक दिवस येतो, राखणारे वर्षभर येतात. त्यामागची श्रद्धा प्रत्येकाला पटेल असं नाही, पण पाळी लावण्याची पद्धत निखालस पटण्यासारखी आहे, आणि तीच जोळीचीही पद्धत होती. रेवदंड्याच्या डॉ. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य याच जिल्ह्यात विहिरी-तलावांतला गाळ काढताना, झाडं लावून ती जगवताना दिसतात. मजुरीचा एक रुपया न घेता. राबणारी माणसं इथे आहेत, पुष्कळ आहेत. त्यांना बांधावर आणि डोंगरावर योग्य महिन्यात, गावाच्या ठरावानं नेणारी व्यवस्था हवी आहे.

त्या व्यवस्थेची सुरुवात कागदावर अगदी सोपी आहे. २ ऑक्टोबरला प्रत्येक ग्रामपंचायतीची ग्रामसभा असते. पाऊस सरलेला असतो, भात कापणीला येत असतो, गवत अजून हिरवं असतं. पेण-रोह्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे, की यंदा त्या सभेला जा आणि दोन ठराव मांडा. खारेपाटात असाल तर बांधाची पाहणी दर उधाणाआधी करण्यासाठी घरटी पाळी लावण्याचा, आणि मोठ्या दुरुस्तीची लेखी मागणी खारभूमी खात्याकडे त्याच दिवशी पाठवण्याचा. डोंगराकडे असाल तर संक्रांतीपूर्वी जाळरेषा काढण्याचा, आणि त्यासाठी रोजगार हमीतून काम मागण्याचा. बाहेरून येऊ इच्छिणाऱ्या मित्रांना ठरावाची प्रत पाठवा, तारीख कळवा, आणि सांगा की या वेळी रोपं आणू नका, विळे आणा.